आपण सावळे, मग स्किन चेक कशाला?

पत्र थोडक्यात असं आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये सहा वर्षांपासून राहणारी, चाळिशीच्या आतली एक वाचक लिहिते: "ताई, ऑफिसमधल्या एका बाईंच्या पाठीवर मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कॅन्सर, निघाला. वेळेत कळलं म्हणून काढला आणि आता त्या बऱ्या आहेत. तेव्हापासून सगळे मला विचारतात, तू स्किन चेक, म्हणजे अंगभर त्वचेची तपासणी, करून घेतलंस का. माझ्या पाठीवर एक तीळ आहे, तो मला दिसत नाही, पण जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, बघितला आणि डर्मेटोलॉजिस्टचं, म्हणजे त्वचेच्या डॉक्टरचं, रेफरल (चिठ्ठी) लिहून दिलं. नवरा म्हणतो हा गोऱ्यांचा आजार, आपल्याला कुठे होतो, उगाच पैसे घालवू नकोस. मलाही परक्या डॉक्टरसमोर जवळजवळ सगळे कपडे काढायचे म्हटलं की कसंतरी होतं. जाऊ की राहू दे? आमच्या घरात तसं कुणाला काही नाही. आईच्या टाचेवर वर्षभर एक काळं कुरूप आहे तेवढंच, ते ती कॉर्न कॅप (कुरूपाची औषधी पट्टी) लावून बसवतेय. ती सांगलीला असते, वय ६७."

तू मला ताई म्हटलंस म्हणून सरळच बोलते. तुझ्या तिळाचं बघूच, पण पत्र वाचताना मी थांबले ती शेवटच्या दोन ओळींवर. तुझी तपासणी आठ-पंधरा दिवस इकडे तिकडे झाली तर चालेल, आईची टाच मात्र याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरला दाखवायची.

घाबरवायला सांगत नाहीये. टाचेवर काळं दिसायला साधी कारणं भरपूर असतात. चप्पल घासून कातडीखाली थोडं रक्त साकळतं आणि काळं दिसतं, ते काही आठवड्यांत कातडीबरोबर वर सरकत आपोआप निघून जातं. वार्ट, म्हणजे चामखीळ, असेल तर त्यात बारीक काळे ठिपके दिसतात, भेगांमध्ये मळ बसतो, कधी चपलेचाच रंग लागलेला असतो. यातलं काहीही असू शकतं. पण वर्षभर जागचं हललेलं नाही, काळं आहे आणि कॉर्न कॅप लावूनही जात नाही, एवढ्यावरच ते दाखवायला हवं. कुरूप सहसा पिवळट आणि कडक असतं, जिथे हाडाचा किंवा चपलेचा दाब येतो तिथे होतं आणि त्यावर दाबलं की कळ येते. आईला दाबल्यावर दुखतं का? की तो सपाट डाग आहे, शाई सांडल्यासारखा, कडा वेड्यावाकड्या, कुठे तपकिरी कुठे गडद काळा, आणि दुखत काहीच नाही? दुसरं असेल तर त्याला कुरूप म्हणणं आजपासून बंद करा. दुखत नाही म्हणून काही नसेल, हे आपल्याकडचं अगदी पक्कं गणित आहे, आणि इथे तेच दगा देतं.

तुझा नवरा जे म्हणतोय ते अर्धं खरं आहे म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात संख्येने जवळपास सारख्याच असतात, फरक असतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात आणि ते कातडीत कसं पसरतं यात. आपल्यात ते जास्त, त्यामुळे उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपलं बरंच रक्षण होतं आणि उन्हाने होणारे त्वचेचे कॅन्सर आपल्यात खरोखर खूप कमी आहेत. भारतात सगळे कॅन्सर धरले तर त्यात त्वचेच्या कॅन्सरचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच भरतो. उलट तू राहतेस तो क्वीन्सलँड म्हणजे मेलानोमाचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या भागांपैकी एक. कारण गोऱ्या कातडीची माणसं तिथल्या कडक उन्हात पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. इथपर्यंत नवरा बरोबर.

चुकतं ते पुढे. त्वचेचा कॅन्सर म्हणजे ऊन आणि ऊन म्हणजे गोरे लोक, असं आपण धरून चालतो. पण मेलानोमाचा एक प्रकार तळपायाला, तळहाताला आणि नखाखाली होतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंधच नाही. स्वतःचे तळवे बघ, बाकीच्या अंगाच्या मानाने किती फिके असतात ते. सावळ्या आणि काळ्या माणसांना एकूण मेलानोमा कमी होतो, पण जो होतो त्यात हाच प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. आणि तो उशिरा सापडतो, कारण कुणी तळपाय बघतच नाही. पेशंट कुरूप म्हणतो, घरचे भेग म्हणतात, मधुमेह असेल तर शुगरची जखम म्हणून महिनोन्‌महिने ड्रेसिंग चालतं. मेलानोमा वरच्या थरात असताना काढला तर बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात, तुझ्या ऑफिसमधल्या बाई झाल्या तशा. खोल गेला की तोच आजार फार अवघड होतो. मधला फरक म्हणजे गेलेले महिने.

आपल्याकडच्या त्वचेच्या कॅन्सरची कारणंच वेगळी आहेत, आणि ही काही नवीन बातमी नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ सालीच धोतराच्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी धोतर घट्ट आवळून बांधायचं, तिथे कातडी घासून काळी पडायची, जखम व्हायची, बरी व्हायची, परत व्हायची आणि काहींच्यात शेवटी तिथेच कॅन्सर निघायचा. साडीखालच्या परकराच्या नाडीने बायकांच्या कमरेवर हेच होतं आणि त्याच्या केसेस अजूनही येतात. काश्मिरात थंडीत पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसतात, तिथे पोटावर आणि मांडीवर होतो. जुन्या भाजल्याच्या व्रणावर, स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या हातावर, वर्षानुवर्षं न भरणाऱ्या पायाच्या जखमेवर वीस-तीस वर्षांनीसुद्धा होऊ शकतो. म्हणजे आपल्याकडे बघायच्या जागा वेगळ्या: तळपाय, नखं, नाडीची जागा, जुने व्रण. हे वाचणाऱ्या सगळ्यांनीच आपल्या आई-मावशी-आजीची कंबर एकदा बघावी. नाडीचा काळा पट्टा बहुतेकींना असतो आणि बहुतेकींचा निरुपद्रवीच असतो, पण त्यात चीर पडून ती भरत नसेल, जाड गाठ आली असेल किंवा पाणी येत असेल तर डॉक्टर. आणि नाडी सैल, शक्यतो रुंद पट्ट्याची.

आता आईला न्यायचं कसं. मला वाटतं तू फोनवर कॅन्सर हा शब्दच काढू नकोस. ती एक तर घाबरेल, नाहीतर चिडून विषयच बंद करेल, "माझ्या पायाला काही झालेलं नाही, तू तिकडे तुझं बघ." आधी फोटो मागव. दिवसा उजेडात, पाय स्वच्छ धुऊन, दोन्ही टाचांचा, आणि डागाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून म्हणजे आकार कळेल. आईला स्वतःच्या टाचेचा फोटो काढता येणार नाही, त्यामुळे वहिनी किंवा भाऊ जे कुणी जवळ असेल त्यांना सांग, तेवढ्यात त्यांचीही नजर पडेल. फोटो तुझ्या ब्रिस्बेनच्या जीपीला दाखवून निदान विचारत बसू नकोस, फोटो फक्त आज डाग कसा होता याची नोंद म्हणून ठेव. कॉर्न कॅप आजच बंद. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, त्याने वरची कातडी पांढरी पडून सोलते आणि खाली काय आहे ते डॉक्टरलाही नीट दिसत नाही, आणि आईला शुगर असेल तर पायाला ते लावणं तसंही धोक्याचं. ब्लेडने खरवडायचं नाही, बाजारात बसून कुरूप काढून देणाऱ्याकडे जायचं नाही, चुना नाही, चटका नाही.

आईला एवढंच म्हण की वर्ष झालं तरी गेलं नाही, म्हणजे कॉर्न कॅपचं औषध चुकतंय, स्किनवाल्या डॉक्टरला एकदा दाखवून बरोबर औषध घेऊ. यात खोटं काही नाही. सांगली-मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही, भारतात डर्मेटोलॉजिस्टकडे थेट जाता येतं, रेफरल वगैरे लागत नाही. खासगीत नको असेल तर मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजमध्ये केस पेपर काढून त्वचारोग विभागात दाखवता येईल. सोबत जाईल त्याला तीन गोष्टी पाठ करून पाठव: डाग किती दिवसांचा आहे, वाढलाय का, त्यावर काय काय लावलंय. डर्मोस्कोपने बघाल का, हे स्पष्ट विचारायला सांग. ते छोटं भिंग असतं, दिवा लावलेलं, त्यातून तळपायाच्या रेषांमध्ये रंग कसा बसलाय ते दिसतं, दुखत काही नाही. तळपायाच्या कातडीला बारीक समांतर रेषा असतात, खोलगट आणि उंचवट्याच्या, अंगठ्याच्या ठशासारख्याच. साध्या तिळाचा रंग सहसा खोलगट रेषेत असतो, मेलानोमाचा उंचवट्यावर. डॉक्टर हेच बघतात.

आणि डॉक्टर म्हणाले तुकडा काढून तपासायला पाठवू, तर घरात कुणीतरी हमखास म्हणेल की सुई लावली की कॅन्सर पसरतो. नाही पसरत. बायोप्सी केल्याशिवाय कुणालाच नक्की सांगता येत नाही आणि बायोप्सीला उशीर झाल्याने जे नुकसान होतं ते खरं नुकसान. टाचेवर चार टाके पडतील, काही दिवस पाय टेकायचा नाही, एवढंच. बहुधा रिपोर्ट साधाच येईल. नाहीच आला तर पुढचे उपचार सांगली-मिरज-कोल्हापूरला होतात, टाटाला दुसरं मत घेता येतं, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे, तेव्हा रेशन कार्ड आणि आधार हाताशी ठेवा. पण ते सगळं नंतरचं.

आता तुझं.

माझं मत विचारशील तर जा. पण ऑफिसमधले सगळे विचारतात म्हणून नको. मेलानोमाच्या नावाने घाबरून दरवर्षी स्किन चेक करावं असंही मी तुला म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियात स्तनांच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरसाठी सरकारचा सरसकट तपासणी कार्यक्रम आहे तसा त्वचेसाठी नाही, जास्त धोका असलेल्यांनी नियमित तपासावं आणि बाकीच्यांनी आपली कातडी ओळखून असावं, असं साधारण धोरण आहे. अमेरिकेत प्रतिबंधात्मक तपासण्यांवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या टास्क फोर्सनेही २०२३ मध्ये हेच म्हटलं की काही लक्षण नसलेल्या सगळ्यांची अशी तपासणी करावी की करू नये, हे सांगायला पुरेसा पुरावा नाही. याचं कारण असं की जितकं बघाल तितकं काहीतरी सापडतं, मग निरुपद्रवी तीळही कापले जातात. आणि आपल्या कातडीला त्याची वेगळी किंमत पडते, कापलं की काळा डाग राहतो, छातीवर, खांद्यावर, पाठीच्या वरच्या भागात केलॉइड येऊ शकतो, म्हणजे जखमेपेक्षा मोठा फुगलेला, खाजणारा व्रण. तुला किंवा घरात कुणाला कान टोचल्यावर गाठ आली असेल तर डॉक्टरला हे आधी सांग.

पण तुझी गोष्ट सरसकट तपासणीची नाहीच. डॉक्टरने एक ठरावीक तीळ बघून तो दाखव म्हटलंय आणि तो तुला स्वतःला दिसतसुद्धा नाही. एवढ्या कारणासाठी एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघून घेणं शहाणपणाचं आहे, मग परत कधी यायचं ते त्यांनाच ठरवू दे, कदाचित लागणारही नाही. दरम्यान नवऱ्याला पाठीचा फोटो काढायला सांग, शेजारी पट्टी धरून. बघायचं ते असं: तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळतात का, कडा फाटक्या आहेत का, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत का, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का. आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं, तो बदलतोय का. बदलत असेल किंवा रक्त येत असेल तर क्लिनिकला फोन करताना तसं स्पष्ट सांग, कारण डर्मेटोलॉजिस्टच्या अपॉइंटमेंटला तिथे महिने जातात आणि रिसेप्शनला कारण कळलं तर लवकरची वेळ मिळू शकते. तरी नाहीच मिळाली तर थांबून राहू नकोस, ऑस्ट्रेलियात स्किन चेक बरेचसे जीपी आणि स्किन कॅन्सर क्लिनिकमधले डॉक्टरच करतात, तेही चालेल, फक्त तिथे डर्मोस्कोप वापरतात ना आणि मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्य विमा) वजा जाता खिशातून किती जातील, हे फोनवरच विचारून घे. नवऱ्याचा पैशाचा मुद्दा तेवढ्याने सुटेल.

कपड्यांचं. ते कसंतरी होणं मला अगदी कळतं, आपण तर बहिणीसमोरही साडी बदलताना दार लावून घेणाऱ्या बायका. पण तिथे होतं काय ते माहीत असलं की निम्मं ओझं उतरतं. आतले कपडे अंगावर ठेवायचे असतात, गाऊन किंवा चादर देतात, आणि एका वेळी एकच भाग उघडून बघतात, आधी डोकं आणि कानामागे, मग पाठ, मग हात, असं. पंधरा-वीस मिनिटांत होतं. बाई डॉक्टर हवी हे अपॉइंटमेंट घेतानाच सांग, कुणीही वाईट वाटून घेत नाही. सोबत नर्स असू दे म्हण, नाहीतर नवऱ्याला खोलीत बसव, म्हणजे त्यालाही कळेल काय असतं ते. आतल्या कपड्यांखालचा भाग तू स्वतःहून दाखवल्याशिवाय सहसा बघत नाहीत, तिथे काही नवीन डाग दिसला असेल तर तेवढं तोंडाने सांग. एखाद्या जागेला नको म्हणायचा हक्क तुला शेवटपर्यंत आहे.

जाताना नेलपॉलिश काढून जा, हातापायांची. मेंदी रंगलेली असेल तर ती उतरल्यावरची वेळ घे. जोडवी, टिकली, मेकअप नको. केस मोकळे सोडता येतील असे बांध. आणि मोजे काढ! हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तिथल्या डॉक्टरांचा हात पाठ, खांदे, नाक, कान यांच्यावर बसलेला असतो, त्यांचे पेशंटच तसे. तू होऊन म्हण की माझे तळवे, बोटांच्या मधल्या जागा आणि नखं बघा. नखांत बारीक काळसर उभी रेष आपल्यात अनेकांना असते, दोन-चार नखांना असेल तर सहसा काळजीचं नसतं, पण एकाच नखाला आहे, रुंद होत चाललीय, किंवा रंग नखाच्या मागच्या कातडीवर उतरलाय, तर ते दाखवायचंच. गालावरचे बारीक काळे उंचवटे, जे आपल्या बायकांमध्ये आई-मुलींना सारखेच येतात, ते निरुपद्रवी असतात, त्यांच्यासाठी झोप घालवू नकोस. फक्त पार्लरमध्ये जाऊन कुठलाही तीळ जाळून घेऊ नकोस, जळलेल्या तिळाची पॅथॉलॉजी होत नाही, मग तो काय होता हे कुणालाच कळत नाही. डॉक्टरनेही काही काढलं तर तुकडा तपासायला पाठवला का ते विचार आणि रिपोर्टची कॉपी स्वतःकडे ठेव.

उन्हाचंही विचारशील म्हणून लिहिते. आपल्या रंगाला रोज ऑफिसात बसण्यासाठी सनस्क्रीन थापायची गरज कॅन्सरच्या दृष्टीने फारशी नाही, उलट ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्यात जास्त. पण बीचवर, क्रिकेटला, तास दोन तास उघड्यावर असाल तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन तुम्हा सगळ्यांना, नवऱ्यालाही. मुलं असतील तर शाळेतला टोपीशिवाय खेळ नाही हा नियम घरीही चालू ठेव. आणि घरात कुणाला जन्मतः रंगद्रव्य नसेल, किंवा किडनी वगैरे बदलल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर वर मी लिहिलेलं दरवर्षीची गरज नाही हे त्यांना लागू नाही, त्यांनी सावळे असोत की गोरे, स्किनच्या डॉक्टरकडे नेमाने जायचंय.

रेफरलची चिठ्ठी काढ, तारीख बघ, आणि सांगलीचा फोन झाला की लगेच दुसरा फोन तिथे कर. आईच्या टाचेचं डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुझ्या डॉक्टरलाही सांग, कारण आई-वडिलांपैकी कुणाला मेलानोमा असेल तर तुझ्या तपासण्या किती दिवसांनी करायच्या हे त्यावरून बदलू शकतं. मलाही कळव, मी वाट बघतेय.